उत्तर कोणाचे? जीवनगुणवत्तेची प्रश्नावली कागदावरून स्क्रीनवर नेतानाच्या नोंदी

३ जून २०२४, सोमवार

तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर आमच्या केंद्रात चालू असलेल्या चाचणीतील जीवनगुणवत्तेच्या प्रश्नावल्या यापुढे कागदाऐवजी टॅब्लेटवर भरून घ्यायच्या, असे आजच्या बैठकीत ठरले आणि समन्वयक या नात्याने ते काम माझ्याकडे आले. प्रश्नावल्या दोन आहेत. पहिली युरोपीय कर्करोग संशोधन संघटनेची, म्हणजे ईओआरटीसीची, ३० प्रश्नांची क्यूएलक्यू-सी३०, जी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली; दुसरी तोंड, मान आणि घशाच्या कर्करोगासाठीची ३५ प्रश्नांची पुरवणी. प्रत्येक रुग्णाने हे ६५ प्रश्न चार वेळा सोडवायचे आहेत: रेडिएशन सुरू होण्यापूर्वी, ते संपताना, आणि त्यानंतर तीन व सहा महिन्यांनी.

दुपारी कपाटातील जुने कागद काढून बसले. एका फाइलीत तीन महिन्यांचा आणि सहा महिन्यांचा फॉर्म एकाच निळ्या जेल पेनाने, एकाच दाबाने आणि एकाच वळणाचे गोल काढून भरलेला आहे. दोन्हींवर तारखा वेगळ्या आहेत, पण दोन्ही एकाच दिवशी बसून भरले असावेत अशी शंका मला आली. ती सिद्ध करण्याचा कोणताही मार्ग माझ्याकडे नाही, कारण कागदाला घड्याळ नसते.

ही शंका निराधार नाही. २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनाट वेदनेच्या ८० रुग्णांपैकी निम्म्यांना कागदी डायरी दिली होती, आणि डायरी कधी उघडली जाते हे टिपणारा प्रकाश-संवेदक त्यांना न सांगता तिच्या बाइंडरमध्ये बसवला होता. कागदांवरून पाहता ९० टक्के नोंदी वेळेवर भरलेल्या दिसत होत्या. संवेदकाच्या हिशेबाने प्रत्यक्षात वेळेवर भरलेल्या नोंदी ११ टक्के होत्या. एकूण दिवसांपैकी ३२ टक्के दिवशी तर डायरी उघडलीच गेली नव्हती, तरीही त्या दिवसांच्या रकान्यांत नोंदी होत्या. ज्यांना इलेक्ट्रॉनिक डायरी दिली होती, त्यांचे प्रमाण ९४ टक्के होते. आमच्या बैठकीत टॅब्लेटच्या बाजूने हाच मुद्दा सर्वांत वजनदार ठरला.

११ जून २०२४, मंगळवार

परवान्याचा अर्ज पाठवला. मराठी भाषांतर ईओआरटीसीकडूनच घ्यायचे असून त्यातील एकही शब्द आपल्या मर्जीने बदलता येत नाही. तोंड-मान-घशाच्या कर्करोगाच्या भारतीय रुग्णांमध्ये या दोन्ही प्रश्नावल्यांची पडताळणी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी केली होती आणि ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यामुळे भाषेच्या बाबतीत आपण कोऱ्या जमिनीवर उभे नाही.

शब्द तेच राहिले तरी कागदावरचा प्रश्न आणि स्क्रीनवरचा प्रश्न एकच मानायचा का, हा मुद्दा उरतोच. एका स्क्रीनवर एकच प्रश्न दाखवायचा, कोणताही पर्याय आधीपासून निवडलेला ठेवायचा नाही, आणि मागे जाऊन उत्तर बदलण्याची मोकळीक द्यायची, हे लवकर ठरले. वाद झाला तो उत्तर टाळण्याच्या सोयीवर. सॉफ्टवेअर करणाऱ्या मुलाचे म्हणणे असे की उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊच द्यायचे नाही, म्हणजे एकही रकाना रिकामा राहणार नाही. माझे म्हणणे असे की कागदावर रुग्णाला एखादा प्रश्न सोडून देता येत होता, आणि तो हक्क टॅब्लेटने काढून घेतला तर लोक काहीतरी दाबून पुढे जातील. रिकामा रकाना निदान रिकामा असल्याचे कळते. अडवल्यामुळे दाबलेले उत्तर मात्र खऱ्या उत्तरासारखेच दिसते. गुण काढण्याच्या नियमांतही एखाद्या गटातील निम्मे किंवा त्याहून अधिक प्रश्न सोडवलेले असतील तर त्या उत्तरांच्या सरासरीवर गुण काढण्याची तरतूद आहेच. अखेर ‘या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नाही’ असे स्वतंत्र बटण ठेवले.

१९ जून २०२४, बुधवार

आमच्याकडे येणाऱ्या अनेक वयस्कर रुग्णांना वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक प्रश्न आवाजात ऐकवण्याची सोय केली. आज रेकॉर्डिंग झाले. पहिल्या प्रयत्नात आवाज देणाऱ्या बाईंचे उच्चार इतके स्वच्छ आणि काटेकोर होते की वॉर्डातल्या मावशी ऐकून म्हणाल्या, ‘‘ही बाई बातम्या सांगतीय.’’ शब्द बदलता येत नाहीत, पण सूर बदलता येतो. दुपारी ओपीडीतल्या सिस्टरांकडून तेच प्रश्न पुन्हा वाचून घेतले. त्या रोज रुग्णांशी बोलतात, त्यामुळे प्रश्नाच्या शेवटी उत्तराची वाट पाहणारी जी किंचित थांबणूक लागते ती त्यांच्या आवाजात आपोआप आली. सर्व ६५ प्रश्न आणि पर्याय मिळून रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचे झाले.

२७ जून २०२४, गुरुवार

चाचपणीचा पहिला दिवस. फजितीही पहिल्याच दिवशी झाली.

दुसऱ्या प्रश्नावलीत लैंगिक इच्छेविषयीचे दोन प्रश्न आहेत. कागदावर ते निमूटपणे पानात बसलेले असत. अनेकजण ते सोडून देत आणि कोणी काही बोलत नसे. आज प्रतीक्षेच्या बाकावर पंचावन्न वर्षांचे एक काका टॅब्लेट मांडीवर घेऊन बसले होते, आवाज मोठा होता, आणि सिस्टरांच्या त्याच मायाळू सुरात तो प्रश्न सगळ्या बोळात ऐकू गेला. शेजारच्या बाई उठून दुसऱ्या बाकावर गेल्या. काकांनी टॅब्लेट उलटा करून माझ्या हातात दिला आणि ‘‘बाकीचं पुढल्या वेळी’’ म्हणाले. चूक पूर्णपणे माझी होती. संध्याकाळी इयरफोन मागवले. मात्र मानेची शस्त्रक्रिया झालेल्या कित्येकांना कानात काही घालवत नाही, हे डॉक्टरांनी लक्षात आणून दिल्यावर एकाच कानाला बाहेरून धरता येईल असे जुन्या पद्धतीचे हेडफोन घ्यायचे ठरले. शिवाय कोपऱ्यातली समुपदेशनाची खोली सकाळी अकरापर्यंत आम्हाला मिळाली आहे.

दुसरी गोष्ट फजितीपेक्षा महत्त्वाची. पहिल्या प्रश्नावलीतील पहिले पाच प्रश्न सोडले, तर बाकीचे ‘गेल्या आठवड्यात’ असे विचारतात. रुग्ण आठवडा कसा मोजतात, हे मी प्रत्येकाला मुद्दाम विचारले. एक आजी म्हणाल्या, ‘‘मागल्या बाजारापासनं.’’ त्यांच्या गावचा बाजार गुरुवारी भरतो आणि आज गुरुवार, म्हणून त्यांचे सात दिवस नेमके भरले. हाच प्रश्न शनिवारी विचारला असता तर त्यांचा आठवडा दोन दिवसांचा झाला असता किंवा नऊ दिवसांचा. रेडिएशन सोमवार ते शुक्रवार असते, ६० ग्रेचा (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) डोस ३० बैठकींत विभागून सहा आठवडे दिला जातो, आणि तोंड येण्याचा त्रास तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातो. अशा वेळी दोन दिवसांचा फरक क्षुल्लक नसतो. प्रश्नाचे शब्द बदलता येणार नाहीत, पण प्रश्नावली हाती देण्यापूर्वी ‘आजपासून मागचे सात दिवस’ असे तोंडी समजावून सांगायचे आणि सर्वांना एकसारखेच सांगायचे, असे ठरवून सूचनापत्रकात लिहून ठेवले.

५ जुलै २०२४, शुक्रवार

तीन आणि सहा महिन्यांच्या भेटीला येऊ न शकणाऱ्या रुग्णांसाठी मोबाइलवर लिंक पाठवण्याची सोय केली आहे. आज चाचपणीतील उत्तरे पाहताना एक विचित्र गोष्ट दिसली. पहिल्या प्रश्नावलीचे शेवटचे दोन प्रश्न, २९ आणि ३०, एकूण प्रकृती आणि एकूण जीवनगुणवत्ता विचारतात आणि त्यांचे उत्तर १ ते ७ या अंकांत द्यायचे असते. १ म्हणजे अत्यंत वाईट, ७ म्हणजे उत्कृष्ट. मोबाइलवरून भरलेल्या एकाही फॉर्ममध्ये ७ हे उत्तर नव्हते, टॅब्लेटवर मात्र होते.

कारण हाती यायला पाच मिनिटेही लागली नाहीत. मावशींचा जुना फोन मागून घेऊन त्यावर लिंक उघडली. सात चौकटी एका ओळीत बसत नव्हत्या; सहावी अर्धी दिसत होती आणि सातवी कडेच्या पलीकडे होती. बोटाने डावीकडे सरकवल्यावर ती दिसे, पण तिथे काही आहे हे कोणाला कळणार? रुग्णांना उत्कृष्ट वाटण्याची परवानगीच आम्ही नाकारली होती. चौकटी अरुंद करून सातही एकाच वेळी दिसतील असे करून घेतले. सॉफ्टवेअरवाल्याने त्या एकाखाली एक लावण्याचा पर्याय सुचवला होता, पण कागदावरचा आडवा अंकपट्टा उभा केला की तोच प्रश्न राहतो असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, म्हणून तो मी स्वीकारला नाही. यापुढे प्रत्येक बदल सर्वांत लहान आणि सर्वांत जुन्या फोनवर पाहिल्याशिवाय पुढे जाणार नाही. मावशींनी फोन उसना द्यायचे कबूल केले आहे.

१६ जुलै २०२४, मंगळवार

उद्या आषाढी एकादशी. या आठवड्यात ठरलेल्या पाचपैकी तीन भेटी पुढे गेल्या, कारण घरातील माणसे दिंडीत आहेत आणि एक रुग्ण तर स्वतःच पंढरपुरात आहेत. सहा महिन्यांच्या भेटीसाठी दोन्ही बाजूंनी दोन आठवड्यांची मुभा आहे, तेवढ्यात सगळे बसेल. पंढरपुरातल्या काकांना लिंक पाठवली नाही. तिथल्या गर्दीत त्यांनी ती भरावी अशी माझी इच्छा नाही.

२९ जुलै २०२४, सोमवार

आज चाचणीवर देखरेख करणाऱ्या मॉनिटर मॅडम आल्या होत्या. त्यांनी नोंदींची यादी उघडली आणि गेल्या आठवड्यातल्या एका दिवशीचे चार फॉर्म माझ्यासमोर ठेवले. चारही फॉर्म संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटांनी भरलेले होते. ‘‘हे चारजण एकाच मिनिटाला बसले होते का?’’ असे त्यांनी विचारले. मला त्या क्षणी जूनमधला तो निळा जेल पेन आठवला.

उलगडा असा झाला. रेडिएशनचे यंत्र तळघरात, जाड काँक्रीटच्या भिंतींआड असते आणि तिथे नेटवर्क पोहोचत नाही. टॅब्लेट दिवसभर तळघरात होता, उत्तरे त्याच्यातच साठत होती, आणि संध्याकाळी तो वर आणल्यावर सगळी एकदम सर्व्हरवर चढली. सॉफ्टवेअरने वेळ नोंदवली ती चढण्याची. बोट लागल्याची नोंदवलीच नाही. म्हणजे ज्या एका गुणासाठी आपण टॅब्लेट आणला तोच गुण आपण हाताने घालवला होता, आणि प्रामाणिकपणे भरलेले फॉर्म खोटे भासत होते.

आता प्रत्येक उत्तराची वेळ उपकरणावरच नोंदली जाईल आणि सर्व्हरवर पोहोचण्याची वेळ वेगळ्या रकान्यात राहील. उपकरणाचे घड्याळ कोणालाही हाताने बदलता येऊ नये म्हणून सेटिंगला कुलूप घातले. त्या चार फॉर्मची खरी वेळ आता सापडणार नाही. रेडिएशन विभागाच्या रजिस्टरातील त्यांच्या बैठकीच्या वेळा टिपणात जोडल्या आहेत आणि ही त्रुटी कशी घडली ते लिहून सही केली आहे. दुरुस्त केल्यासारखे दाखवून जुनी नोंद पुसायची नाही, हा चाचणीच्या कामाचा मूलभूत नियम आहे. बदलाआधीचे मूल्य, बदल करणारा, वेळ आणि कारण हे सगळे मागे राहिले पाहिजे.

८ ऑगस्ट २०२४, गुरुवार

सहा महिन्यांच्या भेटीला आलेल्या एका शेतकऱ्याचा फॉर्म आज मला फार वेळ पुरला. पहिल्या २८ प्रश्नांत त्यांनी बहुतेक ठिकाणी १, म्हणजे ‘अजिबात नाही’, दाबले आहे. चालायला त्रास नाही, वेदना नाही, झोप लागते. त्यानंतर २९ आणि ३० या प्रश्नांनाही त्यांनी १ आणि १ दाबले. गुण काढण्याच्या सूत्राने त्यांचे कार्यक्षमतेचे गुण १०० पैकी १०० आणि एकूण जीवनगुणवत्तेचे गुण शून्य येतात. माणूस सकाळी भुईमुगाची भांगलण उरकून आलेला होता.

घडले ते उघड आहे. पहिल्या २८ प्रश्नांत मोठा अंक म्हणजे जास्त त्रास, आणि शेवटच्या दोन प्रश्नांत मोठा अंक म्हणजे जास्त चांगले. अठ्ठावीस वेळा १ म्हणजे ‘बरं आहे’ अशी सवय झालेले बोट एकोणतिसाव्या वेळी तिथेच जाते. तरीही ते उत्तर मी बदलू शकत नाही, आणि त्यांना परत बोलावून ‘तुम्हाला ७ म्हणायचे होते ना?’ असे विचारणे तर त्याहून वाईट, कारण मग ते उत्तर माझे होईल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णाने स्वतः नोंदवलेल्या निष्कर्षाची जी व्याख्या केली आहे, तिचा गाभाच हा आहे की ते रुग्णाकडून थेट आलेले असावे आणि डॉक्टरने किंवा अन्य कोणीही त्याचा अर्थ लावलेला नसावा.

सॉफ्टवेअरवाल्याने लगेच उपाय सुचवला: उत्तरे विसंगत वाटली तर स्क्रीनवर सूचना दाखवायची. मी नको म्हटले. ज्याला चालता-फिरता येते आणि तरीही आयुष्य नकोसे झाले आहे असा रुग्ण अस्तित्वात असू शकतो, आणि त्याला ‘आपण चुकलात का?’ असे यंत्राने विचारणे बरे नाही. मग मूळ कागद पुन्हा पाहिला. त्यावर २९व्या प्रश्नाच्या आधी, पुढील प्रश्नांसाठी १ ते ७ मधील अंक निवडावा, अशी एक ओळ स्वतंत्र छापलेली आहे. आमच्या स्क्रीनवर ती ओळ प्रश्नाच्या डोक्यावर बारीक करड्या अक्षरांत होती आणि सिस्टरांच्या आवाजात ती नव्हतीच. रेकॉर्डिंगच्या दिवशी ती सूचना आहे, प्रश्न नव्हे, म्हणून मीच गाळली होती. आता ती ओळ पूर्ण स्क्रीनवर स्वतंत्रपणे येईल, आवाजातही येईल, आणि दोन टोकांचे शब्द अंकांच्या खाली ठळक दिसतील. प्रश्नावलीत जे आधीपासून होते तेच परत आणले.

संख्याशास्त्रज्ञांशी फोनवर बोलले. या प्रश्नावलीत १० गुणांचा फरक रुग्णाला जाणवण्याइतका मानण्याचा प्रघात आहे. चाळीस रुग्णांच्या गटात एका माणसाचे १०० ऐवजी शून्य झाले तर सरासरी अडीच गुणांनी घसरते. असे चारजण निघाले की नसलेला फरक दिसू लागेल. हा फॉर्म विश्लेषणात जसाच्या तसा राहील. असे फॉर्म वगळून दुसऱ्यांदा गणित करून पाहायचे, हे मात्र निकाल उघडण्यापूर्वीच लिहून ठेवायचे ठरले.

२० ऑगस्ट २०२४, मंगळवार

ही नोंद लिहायला मला एक दिवस लागला. शनिवारी रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी एका रुग्णाने घरून मोबाइलवर प्रश्नावली भरली. वेदनेच्या दोन्ही प्रश्नांना ‘खूप जास्त’. मी ती सोमवारी दुपारी उघडली. फोन केला तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, ‘‘गोळ्या संपल्या शुक्रवारी. पण तुम्हाला कळवलं होतं की.’’

त्यांनी खरोखरच कळवले होते, असे त्यांच्या बाजूने पाहिले तर म्हणावे लागते. आमच्या शेवटच्या स्क्रीनवर लिहिले होते: ‘धन्यवाद. आपली उत्तरे रुग्णालयाकडे पोहोचली आहेत.’ हे वाचून दोघे रविवारी दिवसभर फोनची वाट पाहत बसले. कागदाकडून कोणी अशी अपेक्षा ठेवली नसती. स्क्रीनने मात्र आश्वासन दिले, आणि ते देताना आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही.

अशा उत्तरांवर वेळेत लक्ष ठेवले तर काय होऊ शकते, हे न्यूयॉर्कमधील मेमोरियल स्लोन केटरिंगच्या चाचणीने दाखवले आहे. तिथे केमोथेरपी घेणारे ७६६ रुग्ण होते. एका गटाने आपली लक्षणे संगणकावर नोंदवली आणि ती बळावली की परिचारिकांना सूचना जात असे. २०१७ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार त्या गटाचे मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ, ३१.२ महिने होते, तर नेहमीच्या उपचारांच्या गटाचे २६ महिने. आमची चाचणी ती नाही, आम्ही फक्त मोजतो आहोत, आणि प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्यात, ही उत्तरे उपचारांसाठी वापरली जाणार नाहीत असेच गृहीत धरले होते. पण हे रुग्णाला कोणी सांगितले? २०१८ मधील स्पिरिट-प्रो या मार्गदर्शक तत्त्वांत, चाचणी चालू असताना ही उत्तरे कोणी पाहणार की नाही आणि रुग्णाला तसे कसे कळवणार, हे प्रोटोकॉलमध्येच लिहावे असे सांगितले आहे. ते आम्ही वाचले होते आणि पुढे गेलो होतो.

आजपासून शेवटची स्क्रीन अशी: ‘ही उत्तरे लगेच वाचली जात नाहीत. त्रास होत असल्यास वॉर्डला फोन करा’ आणि खाली मोठ्या अंकांत क्रमांक, दाबला की लागणारा. शिवाय रविवारसह रोज सकाळी नऊ वाजता वेदना आणि श्वासाच्या प्रश्नांची ‘खूप जास्त’ उत्तरे ड्युटीवरील सिस्टर पाहतील व रजिस्टरात सही करतील. नीतिसमितीला घटनेचा अहवाल आज दिला. रुग्णाला सोमवारीच गोळ्या पोहोचल्या.

४ सप्टेंबर २०२४, बुधवार

वेळेची नोंद आता खरी झाली आहे, आणि खऱ्या नोंदी काय काय सांगतात ते हळूहळू कळते आहे. सत्तरीच्या एका आजींचा संपूर्ण फॉर्म २ मिनिटे ४० सेकंदांत भरलेला आहे. आजींना वाचता येत नाही, आणि आवाज ऐकायचा म्हटले तर अकरा मिनिटे लागतात.

त्यांच्यासोबत कॉलेजात शिकणारा नातू येतो. त्याला बाजूला घेऊन विचारले. तो जराही ओशाळला नाही. ‘‘आजीला कशाला त्रास? मला माहीत आहे सगळं, मीच तर तिचं करतो.’’ आणि ते खरे आहे. नळीतून पेज तोच देतो, एसटीने तोच आणतो, किती वाजता कोणती गोळी हे त्याला तोंडपाठ आहे. उलटी किती वेळा झाली हे आजींपेक्षा त्यालाच नेमके माहीत असेल. पण मन उदास होते का, या प्रश्नाला त्याने ‘अजिबात नाही’ दाबले आहे, आणि ते त्याला कसे माहीत?

जवळच्या माणसाने दिलेली उत्तरे आणि रुग्णाची स्वतःची उत्तरे यांच्यात फरक पडतो, हे जुने निरीक्षण आहे. बहुधा जवळची माणसे रुग्णाची अवस्था त्याच्या स्वतःच्या उत्तरांपेक्षा वाईट सांगतात, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींत हा फरक अधिक असतो. इथे नातवाने उलट केले. प्रश्नावली कधी भरली ते टॅब्लेट सांगतो. स्क्रीनवर बोट कोणाचे होते ते त्यालाही कळत नाही. तीन महिने मी घड्याळ नीट करण्यात घालवले आणि हा प्रश्न मुळातच विचारला नव्हता.

१३ सप्टेंबर २०२४, शुक्रवार

प्रश्नावलीला हात न लावता, तिच्या नंतर येणारी वेगळी स्क्रीन जोडली. तिच्यावर तीन पर्याय आहेत: रुग्णाने स्वतः भरली; दुसऱ्याने वाचून दाखवली, उत्तरे रुग्णाने दिली; उत्तरे दुसऱ्याने दिली. हे नातेवाइकाने नव्हे, आमच्या माणसाने पाहून भरायचे, आणि घरून भरलेल्या फॉर्मसाठी फोनवर विचारायचे. तिसरा पर्याय निवडलेले फॉर्म मुख्य विश्लेषणात धरले जाणार नाहीत. प्रोटोकॉलमधील ही दुरुस्ती नीतिसमितीकडे पाठवली आहे.

३० सप्टेंबर २०२४, सोमवार

१८ तारखेला वारलेल्या एका रुग्णाच्या मुलाच्या फोनवर २८ तारखेला आपोआप संदेश गेला: ‘आपली प्रश्नावली भरायची राहिली आहे.’ त्याने उत्तरात फक्त ‘भाऊ गेले’ एवढेच लिहिले. मृत्यूची नोंद केसपेपरवर होती आणि चाचणीच्या नोंदवहीतही होती, पण संदेश पाठवणाऱ्या यंत्रणेला ती कोणी कळवली नव्हती. मी त्याला फोन करून माफी मागितली. यापुढे स्मरणसंदेश आपोआप जाणार नाहीत. सकाळी यादी निघेल, ती मी वॉर्डच्या रजिस्टरशी ताडून पाहीन आणि मगच पाठवीन.

१७ ऑक्टोबर २०२४, गुरुवार

आजारामुळे पैशाची अडचण झाली का, असा २८वा प्रश्न आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घेणाऱ्या एका बाई टॅब्लेटवर तो प्रश्न ऐकून थांबल्या आणि हेडफोन काढून मला म्हणाल्या, ‘‘हे लिहिलं तर योजना बंद नाही ना व्हायची?’’ नाही, असे सांगितल्यावर त्यांनी ‘खूप जास्त’ दाबले. उपचार योजनेत होतात, पण दीड महिना रोज एसटीचे भाडे आणि सोबत येणाऱ्या नवऱ्याची बुडालेली मजुरी कुठल्याच पॅकेजात बसत नाही. कागदावर किती जणांनी भीतीपोटी १ वर गोल केला असेल, हे आता शोधता येणार नाही. प्रश्नावली देताना, या उत्तरांचा योजनेशी व उपचारांशी संबंध नाही, हे वाक्य सूचनापत्रकात वाढवले.

ऊसतोडीला जाणारी दोन कुटुंबे दिवाळीनंतर निघतील. त्यांच्या तीन महिन्यांच्या फॉर्मसाठी कारखान्याच्या तळावर फोनला रेंज असते का, ते विचारून ठेवले. असते, पण चार्जिंगची खात्री नाही.

२२ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

बुधवारी मतदान होते, त्यामुळे त्या दिवशीच्या सगळ्या भेटी आज आल्या. नातवासोबतच्या आजीही आल्या. नातू बाहेर बसला. आजींनी हेडफोन एका हाताने कानाला धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने सावकाश एकेक चौकट दाबली. चौदाव्या मिनिटाला पहिली प्रश्नावली संपली आणि त्यांनी चहा मागितला. उदास वाटते का, याला त्यांनी ‘बरेच’ दाबले. एकूण जीवनगुणवत्तेला ५. सप्टेंबरच्या फॉर्मशी या उत्तरांची तुलना मी करणार नाही, कारण तो फॉर्म त्यांचा नव्हता.

दुपारी जत तालुक्यातून सीमेजवळच्या गावातल्या एक बाई आल्या. त्यांना मराठी जेमतेम समजते, घरात कन्नड बोलतात. मुलगा प्रश्न मराठीत ऐकायचा, आईला कन्नडमध्ये सांगायचा, आणि आई जे म्हणेल त्याचा जवळचा पर्याय दाबायचा. एका प्रश्नाला आई बराच वेळ बोलली आणि मुलाने ‘थोडेसे’ दाबले. माझ्या तीन पर्यायांपैकी यासाठी एकही बसत नाही: उत्तर आईचे होते, पण प्रश्नाचे शब्द मुलाचे होते. दुसऱ्या पर्यायावर खूण करून शेजारी टीप लिहिली.

ईओआरटीसीकडे कन्नड भाषांतरासाठी अर्ज केला. वॉर्डातल्या एका सिस्टरांचे माहेर विजयपूरचे आहे. त्या सोमवारी ड्युटीनंतर रेकॉर्डिंगला थांबतील.